मुखदुर्बळांची बैठक

(लोणी, ता. आंबेगाव, जि. पुणे येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले व्याख्यान)



आमच्यासारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकास आज येथे बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. मानसशास्त्राचे पंडित आम्ही नव्हे. अडतीस वर्षे मुलांत काढली, निवृत्तीनंतर चार पुस्तके वाचली, आणि गेले वर्षभर याच गावात एक लहानसा प्रयोग करून पाहिला, एवढीच आमची शिदोरी.

विषय तसा लहान दिसतो. आपली मुले चारचौघांत बोलत का नाहीत, आणि ती बोलती व्हावीत म्हणून समाजाने काय करावे, एवढाच तो आहे. परंतु या विषयाशी आमची स्वतःची एक चूक निगडित आहे. ती प्रथम कबूल केल्यावाचून पुढे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

गतवर्षी याच मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, हे आपणांस स्मरत असेल. शाल-श्रीफळ झाले, टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी मोठ्या प्रेमाने एकेकास विचारले, "बाळ, पुढे काय शिकणार?" दोघे सोडले तर कोणाच्या तोंडून उत्तर आले नाही. दहावीला उत्तम गुण मिळविलेली एक मुलगी ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिली. तिला फक्त स्वतःचे नाव सांगावयाचे होते. ती पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. सभेत हशा पिकला. कोणाच्या मनात वाईट नव्हते; आम्हीही हसलो. इतक्यात मागच्या रांगेतून तिचे वडील उठले आणि मंडपाबाहेर निघून गेले. त्यांना पाहिले आणि आमचे हसू जागच्या जागी विरले, कारण ते आमचे विद्यार्थी होते.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वी एका खेड्यातील शाळेत आम्ही चौथीच्या वर्गावर होतो. तपासणीचा दिवस होता. हा मुलगा वाचताना अडखळत असे. साहेबांपुढे त्याला वाचावयास उभा केला आणि तो पहिल्याच शब्दावर अडला. वर्गाची आब राखावी म्हणून आम्ही म्हणालो, "अरे, तुझे मशीन अडकले वाटते, बापाकडून तेल घालून आण!" वर्ग हसला, साहेब हसले, आम्हीही हसलो. त्या दिवसापासून तो मुलगा वर्गात आपण होऊन कधी उभा राहिला नाही. सातवीनंतर त्याची शाळा सुटली. आज त्याच्या हातच्या शिलाईला तोड नाही. परंतु बँकेत, ग्रामपंचायतीत किंवा मुलीच्या शाळेतील पालकसभेस तो जात नाही, पत्नीस पाठवितो. आम्ही ते वाक्य त्याच संध्याकाळी विसरलो होतो. त्याने ते तीस वर्षे बाळगले. ही हकीकत त्याच्या संमतीने, नाव न सांगता, येथे सांगत आहोत.

जे मूल घरात बोलते, धामणीच्या खंडोबाच्या यात्रेत पिपाणी वाजवीत हिंडते, सप्ताहात टाळ घेऊन पावली खेळते, तेच मूल एकट्याने उभे राहावयाचे म्हटले की मुके होते. अशा मुलास आपल्या भाषेत मुखदुर्बळ म्हणतात. त्याला आपण मूर्ख समजतो, कधी शिष्टही समजतो. वस्तुतः त्याला एकच भीती असते: आपण चुकू, आणि लोक हसतील. या भीतीने छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, हातपाय कापतात. मूल तेथून पळ काढते आणि त्याला तत्काळ बरे वाटते. येथेच खरी मेख आहे. पळाल्याने बरे वाटते, म्हणून पुढच्या वेळी ते आधीच पळते. आणि भीती वाढत जाते. उलट, जे मूल धडधड सोसून चार क्षण उभे राहते, त्याच्या ध्यानात येते की ही धडधड काही वेळाने आपोआप उतरते. हे ज्ञान उपदेशाने येत नाही. "धीट हो" असे सांगून कोणी धीट झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आता कोणी विचारील, पूर्वी आपल्या मुलांत हा बुजरेपणा इतका का नव्हता? आमच्या मते याचे उत्तर आपल्या धंद्यातच आहे. आमच्या लहानपणी शिंप्याचे दुकान म्हणजे गावचा चव्हाटा असे. बाप टेप लावून आकडे सांगे आणि मुलगा वहीत उतरवून घेई: उंची, छाती, कंबर, बाही, गळा. आकडा ऐकू आला नाही तर मोठ्याने विचारावेच लागे. घाईच्या गिऱ्हाइकाची समजूत घालावी लागे, लग्नसराईत कपडा वेळेवर झाला नाही तर बोलणी खावी लागत. काजे-बटणे करता करता दहा वर्षांचे पोर नाना तऱ्हेच्या माणसांशी बोलून जाई. तो दुकानाचा ओटा ही आपल्या मुलांची खरी बोलण्याची शाळा होती. पुढे तयार कपडे आले, धंदा ओसरला, मशिनी कोपऱ्यात गेल्या. मुले शिकू लागली, ही आनंदाची गोष्ट. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत, पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत मुलाखतीस जाऊ लागली. परंतु ओटा गेला आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. त्यातच २०२० सालच्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या. चारचौघांत उठून बोलण्याच्या ऐन वयात कित्येक मुले घरात, मोबाईलच्या चौकटीपुढे बसून राहिली. आमच्या या पूर्व आंबेगावात पाऊस कमी, शेतीचा भरवसा नाही. मुलांना उदरनिर्वाहासाठी बाहेर पडावेच लागते. बाहेर पडणाऱ्याने तोंड बंद ठेवून कसे चालेल?

आपण श्रीनामदेवरायांचे वंशज म्हणवितो. त्यांचीच एक कथा या ठिकाणी आठवते. तेर येथे संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांच्या थापटण्याकडे बोट दाखवून म्हटले, याने कोणते मडके भाजले आणि कोणते कच्चे ते आम्हांला सांगा. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. सर्व संत शांत बसले. नामदेवरायांना मात्र ते सहन झाले नाही. गोरोबांनी निर्णय दिला, हे मडके कच्चे! भर मेळ्यात कच्चे ठरलेले नामदेवराय दुखावून निघून गेले, आणि पुढे त्यांना विसोबा खेचर गुरू लाभले. त्याच नामदेवांनी कीर्तनाचा झेंडा पंजाबापर्यंत नेला. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि घुमान येथे आजही त्यांचे स्थान पूजिले जाते.

कथेचा पारमार्थिक अर्थ कीर्तनकार सांगतील. आम्हा शिक्षकाला तिच्यातून दोन गोष्टी दिसतात. एक, कच्चे ठरलेल्याला किती लागते, हे आपल्या समाजाने तरी विसरू नये. ते दुःख आपल्या नामदेवरायांनी भोगले आहे. दुसरी, थापटणे मारून मडके कच्चे आहे एवढेच कळते. ते पक्के होत नाही. आम्ही अडतीस वर्षे थापटणेच चालविले. मडके पक्के व्हावयाचे तर आवा लावावा लागतो. आणि कुंभार आवा लावतो तो एका मडक्यासाठी नव्हे. पुष्कळ मडकी एकमेकांना टेकून रचली जातात आणि ऊब सर्वांना मिळते.

असा आवा लावण्याची कल्पना नवी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला. त्याच्या सभांना न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई घरातील वडीलधाऱ्या बायकांची बोलणी सोसून जात. तशा लहान सभांत बसलेल्या याच रमाबाई पुढे पुणे सेवासदनाच्या अध्यक्षा झाल्या.

महात्माजींचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १८९१ साली ते बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच दाव्यात उलटतपासणीस उभे राहिले, तो डोके गरगरू लागले आणि एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि दुसरा वकील करावयास सांगून निघून गेले. पुढे १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे एका शेटजींच्या घरी तेथील हिंदी व्यापाऱ्यांची बैठक भरली. तीत ते व्यापारातील सचोटीवर बोलले. हे आपले आयुष्यातील पहिले जाहीर भाषण, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. कोर्टात जे मुख उघडले नाही, ते तेथे का उघडले? घर ओळखीचे होते, मंडळी आपली होती, विषय मनातला होता आणि हसण्यासाठी कोणी जमले नव्हते. शिवाय अशा बैठका पुढेही नियमाने भरत राहिल्या.

पाश्चात्त्य देशांतही हाच अनुभव आला. १९०५ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांचा साप्ताहिक वर्ग सुरू केला. आहार, विश्रांती आणि स्वच्छता शिकवावी एवढाच हेतू होता. परंतु रोगी एकमेकांना जो धीर देतात, तो औषधासारखा लागू पडतो, असे त्यांच्या ध्यानात आले. समूहाने करावयाच्या मानसोपचाराचा आरंभ तेथून मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात मुलांसाठी दहा जीवनकौशल्ये सांगितली, त्यांत संवाद, परस्परसंबंध, स्वतःची ओळख आणि भावनांना तोंड देणे ही आहेत. आपल्याकडे २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातही समवयस्क मुलामुलींच्या गटावरच भर दिला आहे. असो.

आता आमच्या बैठकीविषयी. गेल्या मेळाव्यानंतर दुसऱ्याच रविवारी आम्ही समाजातील चौदा मुलामुलींना सकाळी एकत्र बोलाविले. सामग्री म्हणजे एक सतरंजी, पाण्याचा माठ आणि गूळ-शेंगदाणे. एक निवृत्त अंगणवाडी सेविका भगिनी पहिल्या दिवसापासून आमच्यासोबत आहेत. मुलींना आणि त्यांच्या मातांना त्यांचा भरवसा वाटतो. तिसऱ्या रविवारी चौदांची पाच मुले उरली. आम्ही कारण विचारले. एक मुलगा बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "गुरुजी, इथे तुम्हीच जास्त बोलता." ते अगदी खरे होते! आम्ही बैठकीचाही वर्ग करून टाकला होता. त्या दिवसापासून आम्ही कोंडाळ्यात मुलांच्या बरोबरीने खाली बसू लागलो आणि आमच्या बोलण्यास पाच मिनिटांची मर्यादा घालून घेतली. घड्याळ त्याच मुलाच्या हाती दिले.

नियम मुलांनीच ठरविले. कोणाच्या चुकण्यावर हसावयाचे नाही. कोणाच्या बोलीला नावे ठेवावयाची नाहीत. ज्याला बोलावयाचे नसेल त्याने "आज मी ऐकतो" एवढे म्हणावे. त्याच्यावर सक्ती नाही. कोणी अडखळला तर त्याचे वाक्य आपण पुरे करावयाचे नाही, थांबावयाचे. बैठकीत निघालेली घरची गोष्ट बाहेर न्यावयाची नाही. हा शेवटचा नियम ठोकर खाऊन झाला. एका मुलीने सांगितलेली गोष्ट बाहेर फुटली आणि ती दीड महिना आली नाही. आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली, तेव्हा ती परत आली.

काम पायरीपायरीने चालते. पहिल्या दिवशी स्वतःचे नाव आणि आपल्या हाताला येणारे एक काम, एवढेच सांगावयाचे. नंतर दोघादोघांनी एकमेकांची माहिती काढून ती इतरांस सांगावयाची. यात बोलण्याआधी ऐकण्याची सवय लागते. मग सोंगे. एक बँकेचा कारकून होतो, दुसरा खाते उघडावयास जातो, एक एस.टी.चा कंडक्टर होतो, दुसरा सुटे पैसे मागतो; एक कारखान्यातील साहेब होतो, दुसरा मुलाखत देतो; एक मित्र होऊन तंबाखूची पुडी पुढे करतो, दुसऱ्याने मैत्री न तोडता नाही म्हणावयाचे. या शेवटच्या सोंगात सर्वांना फार कष्ट पडले. नाही म्हणणे हे बोलण्यातील सर्वांत अवघड काम आहे, असे आम्हांसही तेव्हाच कळले. सोंगांनंतर खरी कामगिरी: पंचायतीत जाऊन दाखला मागावयाचा, दुकानदाराला पैसे परत देण्यात झालेली चूक दाखवावयाची, परक्या कचेरीस फोन करून माहिती विचारावयाची. पुढच्या रविवारी "जमले का?" असे कोणी विचारीत नाही, "काय घडले?" असे विचारतात. त्यामुळे न जमलेली गोष्टही सांगण्याजोगी होते.

शाबासकी कशी द्यावी हेही मुलांनीच आम्हांला शिकविले. नुसते "छान, छान" म्हटल्याने मुलाला काही कळत नाही. "आज तू वर पाहून बोललास", "आज तू मध्ये थांबलीस आणि पुन्हा सुरू केलेस" असे सांगितले की त्याला आपली चाल दिसते.

यावर काही आक्षेप आमच्या कानी आले. पहिला असा की, गुण मिळाले म्हणजे झाले, बोलण्याचे एवढे काय? त्यांनी गतवर्षीचा सत्कार आठवावा. दुसरा असा की, मुली फार बोलू लागल्या तर सासरी कशा नांदतील? आम्ही विचारतो, जिला त्रास झाला तर माहेरी सांगता येत नाही, ती नांदते की नुसती सोसते? तिसरा आक्षेप, हा वेडेपणावरील उपचार तर नव्हे? नव्हे. स्वभावतः शांत असलेल्या मुलाला बडबड्या करावे, असाही आमचा आग्रह नाही. शांतपणा हा दोष नाही. मात्र मर्यादाही सांगितली पाहिजे. तोतरेपणा हा भित्रेपणा नव्हे. त्यासाठी वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे मूल न्यावे. आणि एखादे मूल घराबाहेर पडेनासे झाले, झोप-जेवण सुटले किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागले, तर बैठकीच्या भरवशावर राहू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे विचारण्यास पैसे पडत नाहीत आणि लाजही वाटू नये.

चौथा प्रश्न मंडळातूनच आला, आणि तो नाजूक आहे. बैठकीत गावातील इतर समाजांची मुले बसू लागली आहेत; समाजाच्या निधीतून त्यांचा खर्च का करावा? बंधूहो, खर्च गूळ-शेंगदाण्यांचा आहे. परंतु प्रश्न खर्चाचा नाही, हे आम्ही जाणतो. ज्या संतमेळ्यात नामदेवराय बसले, त्यात गोरोबा कुंभार होते, सावता माळी होते, चोखोबा होते. त्या मेळ्याचे दार कोणास बंद नव्हते. शिवाय मुलाला उद्या ज्या जगात बोलावयाचे आहे, ते जग काही आपल्या ज्ञातीपुरते नाही. मंडळाने आज या बाबतीत मोकळ्या मनाने निर्णय द्यावा, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

आमच्या मागण्या तीनच आहेत. प्रत्येक गावच्या शाखेने दहा-बारा मुलांची एक बैठक, आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी भरवावी. मोठा कार्यक्रम करू नये. ती चालविण्यास विद्वानापेक्षा ऐकून घेणारा माणूस, आणि सोबत एक भगिनी, निवडावी. आणि यापुढे सत्काराच्या वेळी व्यासपीठावर कोणाचे मूल अडखळले, तर या सभेत कोणी हसू नये. या तिसऱ्या मागणीस पैसा लागत नाही, ठराव लागत नाही. ती आपण याच क्षणी मान्य करू शकतो.

शेवटी त्या मुलीविषयी. पाच महिने ती "आज मी ऐकते" एवढेच म्हणत होती. मग एका रविवारी तिने घरून टेप आणली आणि ब्लाउजचे माप कसे घ्यावे ते सर्वांना सांगितले. आवाज लहान होता, मध्ये दोनदा ती थांबली. कोणी हसले नाही, कोणी तिचे वाक्य पुरे केले नाही. तिचे वडील तिला न्यावयास आले होते. ते दाराबाहेर चपलांजवळ उभे राहून सारे ऐकत होते. त्यानंतर ते दर रविवारी येतात आणि तेथेच उभे राहतात. आम्ही त्यांची क्षमा मागितली आहे. "गुरुजी, जाऊ द्या," असे ते म्हणाले. आत या म्हणून आम्ही प्रत्येक वेळी म्हणतो. ते अद्याप आत आलेले नाहीत. आम्ही वाट पाहत आहोत. त्यांच्यासाठी सतरंजीवर एक जागा मुलांनी मोकळी ठेवली आहे.